बारा नंबरचा दगड

सोनलला पहिली मुलगी झाली ते साल दोन हजार एकोणचाळीस. एप्रिलची बारा तारीख, मंगळवार. वडजाईच्या तलावाचं पाणी तेव्हा इतकं आटलं होतं की पन्नास वर्षांपूर्वी बुडालेल्या रस्त्याचा मैलाचा दगड पुन्हा वर येऊन उन्हात बसला होता. त्या मंगळवारी हरणाबाई भोई आजी झाली, आणि दोनच दिवसांनी, गुरुवारी सकाळी, तिच्या फोनवर तांबडी खूण उमटली.

हरणाबाईचं वय छपन्न. भोयाची लेक, भोयाची सून. लहानपणापासून तिचा निम्मा जन्म पाण्यावर गेलेला. अक्षरं मात्र ती चाळिशी उलटल्यावर शिकली, गावच्या प्रौढांच्या वर्गात, आणि तीही अडखळत. जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेनं प्रत्येक तलावावर शेवाळ पाहणारं माणूस नेमायचं ठरवलं, तेव्हा शिकलेल्या पोरांना सोडून समीना काझी नावाच्या तरुण शास्त्रज्ञबाईनं हिलाच निवडलं. कारण विचारल्यावर समीना म्हणाली होती, "मावशी, पोरं फोनकडे बघतात. तुम्ही पाण्याकडे बघता."

कामाचं साधन एवढंसं होतं. फोनच्या पाठीला चिकटवायचं एक भिंग, चिंचोक्याएवढं. गावात त्याला चिंचोकाच म्हणत. त्यातून नारिंगी उजेड पडायचा आणि शेवाळाच्या पोटातल्या रंगावर आपटून परत फिरायचा. साध्या हिरव्या शेवाळातून एक तऱ्हेचा लाल उजेड परतायचा, निळ्या-हिरव्यातून दुसऱ्या तऱ्हेचा. डोळ्याला तो फरक कळत नसे, यंत्राला कळे. मग यंत्र शेवाळातल्या बारीक मण्यांसारख्या पेशींचा आकार बघे, त्या मोजी, आणि हिरवी, पिवळी किंवा तांबडी खूण देई. हिरवं शेवाळ बिचारं गरीब. घातकी ते निळं-हिरवं. ऊन, साचलेलं पाणी आणि शेतांतून वाहून आलेलं खत मिळालं की ते माजतं, पाण्यावर रंगाच्या सायीसारखं पसरतं, आणि त्यातल्या काही जाती पोटात विष बाळगतात. ते विष माणसाच्या यकृतावर जातं. पाणी उकळून ते मरत नाही.

प्रशिक्षणात समीनानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. चिंचोका जिवंत शेवाळ बघतो, पाण्यातलं विष बघत नाही. मेलेलं शेवाळ त्याला दिसत नाही. हरणाबाईनं ते ऐकलं होतं. तिला वाटलं, मेलेला साप कुठं चावतो?

रोज सकाळी बारा जागांचे फोटो. जनावरांचा हौद, शाळेची टाकी, देवळाच्या नळाखालची फरशी, बंधाऱ्याची भिंत, असं करत शेवटचा बाराव्या नंबरचा, तलावातून गावाला पाणी उपसून देणाऱ्या विहिरीच्या पायथ्याचा धुण्याचा दगड. कामाचे बारा झाले तरी हरणाबाईचा हात थांबत नसे. म्हशीच्या पाठीवरचं शेवाळ, रांजणाच्या बुडाचं, मोरीच्या पन्हाळीचं, कासवाच्या पाठीचं. भिंगातून बघितलं की कुठे मण्यांची माळ दिसे, कुठे हिरव्या पट्टीची गुंडाळलेली बांगडी, कुठे आकाशातल्या चांदणीसारखं काही. चांगला आलेला फोटो तिनं आजवर एकही पुसला नव्हता.

"लोक नातीचं फोटो काढत्यात," तिचा नवरा बाळकू म्हणायचा, "आमच्या हिनं मोरीचं काढलं."

"मोरी रडत न्हाई मधीच," हरणाबाई म्हणायची.

बाळकूचं वय एकसष्ट. त्याच्या मूत्रपिंडांनी तीन वर्षांपूर्वी काम सोडलं होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार अशी आठवड्यातून तीनदा त्याला गावातल्या डायलिसिस केंद्रात चार तास खाटेवर पडावं लागे. सहा खाटांचं केंद्र, दोन पाळ्या, तेही आठवड्यातले हेच तीन दिवस. ते केंद्र होतं म्हणून बाळकू होता.

आणि नियम असा होता की बारा नंबरवर तांबडी खूण आली की गावाचा नळ बंद. पिण्यापुरतं पाणी टँकरनं येई. पण डायलिसिसला टँकर पुरत नाही. धडधाकट माणूस दिवसाला दोन-तीन तांबे पाणी पितो, तेही आतड्यातून, यकृतातून गाळून रक्तात जातं. डायलिसिसच्या माणसाच्या रक्ताशेजारून, केसाहून पातळ पडद्याच्या पलीकडून, एका बैठकीत शंभर-सव्वाशे लिटर पाणी वाहतं. म्हणून नळ बंद झाला की केंद्रही बंद.

त्या गुरुवारी हरणाबाई दगडावर उकिडवी बसली होती. पाण्याला कुबट, मातकट वास येत होता. साय इतकी दाट की बोट घातलं तर रंगात घातल्यासारखं. तिनं फोटो काढला. तांबडी खूण. पुसून पुन्हा काढला. पुन्हा तांबडी.

तिनं तो पाठवला. तिच्या जागी आणखी कुणी असतं तर कदाचित पाठवला नसता. दुपारी केंद्राला कुलूप लागलं.

जिल्ह्याच्या गावचं केंद्र सत्तर किलोमीटरवर. तिथं आधीच रांगा. बाळकूला तिथं एकदाच खाट मिळाली, एकोणीस तारखेला, तीही दोनच तास. गुरुवारी पुन्हा गेले तर "परवा या" म्हणाले. येताना बसमध्ये त्याला बसवेना, आडवं होता येईना. पाय खांबासारखे सुजलेले. घरी भिंतीला उशी लावून तो बसल्या बसल्या झोपायचा, आणि श्वास घेताना छातीतून भरलेल्या घागरीसारखा आवाज यायचा.

आतल्या खोलीत बाळंतीण, बाहेरच्या खोलीत हा. सोनल मुलीला घेऊन उंबऱ्यात येऊन बसायची.

"बाबा, शनिवारी बारसं हाय," ती म्हणाली. "पाळण्याची दोरी तुमीच बांधायची."

"बांधतो की," बाळकू म्हणाला. मग थांबून, श्वास गोळा करून, "माझ्याच गळ्याला न्हाई ना बांधायची?"

सोनल उठून आत गेली. हरणाबाई चुलीपाशी होती, तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण तिचा विचार तिथंच पक्का झाला.

शेजारच्या बापू माळ्याची द्राक्षबाग. द्राक्षवाल्यांच्या घरात मोरचूद असतंच, बागेवर फवारायला. निळे, साखरेच्या खड्यांसारखे खडे. शेततळ्यात शेवाळ झालं की हीच माणसं पोत्यात मोरचूद बांधून पाण्यात सोडतात.

"दोन दिवसांत पाणी आरशावानी होतंय बघ आक्का," बापू म्हणाला. "पण तुला कशाला? तुझं शेततळं न्हाई."

"मासं मरत्यात का?"

"बारकी मरतील चार. तू टाकणारैस कुठं?"

"तलावात."

बापू तिच्याकडे बघत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "बाळकूदादाला कसं हाय?"

"परवाच्याला उजाडंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

बापूनं तीन गोण्या काढून दिल्या. उपसा-विहिरीचा पंप नळ बंद असल्यानं थांबलेला होता, विचारणारं कुणी नव्हतं. शुक्रवारी सकाळी आठ वाजता, उघड्या उन्हात, हरणाबाईनं गुळाची जुनी काहील पाण्यात लोटली. भोई लोक तिच्यात बसून जाळी टाकतात, तीच. गोण्या दोरीनं मागं बांधल्या आणि विहिरीभोवतीच्या पाण्यात ती फेऱ्या मारत राहिली. काठावरून कुणी हाक मारली, "मावशी, काय गावलं का?" ती म्हणाली, "अजून न्हाई."

शनिवारी पहाट फुटल्यावर ती बारा नंबरवर गेली. साय फाटली होती. पाण्याचा तळ दिसत होता, आणि बापू म्हणाला तशी चार-सहा बोटभर चिलापी मासळी पोट वर करून तरंगत होती. पण दगड बघून ती जागीच थांबली. पाण्याच्या रेषेवर, दगडाच्या कडेनं, वीतभर रुंद निळा पट्टा उमटला होता. खंड्या पक्ष्याच्या पाठीसारखा निळा. जन्म पाण्यावर काढून तिनं असा रंग पाण्याकाठी कधी बघितला नव्हता.

तिनं फोटो काढला. चिंचोका म्हणाला: शेवाळ नाही. हिरवी खूण.

खूण आपोआप उमटे, पण फोटो प्रयोगशाळेत समीनाही डोळ्यांखालून घाली. मोरचूद निळं, पट्टा निळा. म्हणजे मोरचुदानं दगडाला खूण केली. समीना बघेल, विचारेल, मावशी हे काय टाकलंय? मग पुन्हा चौकशी, पुन्हा कुलूप.

काठावर पडलेला काथ्या घेऊन तिनं दगड घासला. निळं पाणी बोटांवरून वाहिलं. दगड स्वच्छ झाल्यावर तिनं दुसरा फोटो काढला आणि तो पाठवला. पहिला पुसायला बोट नेलं, पण रंग एवढा सुरेख होता की बोट खाली टेकलं नाही.

त्याच दुपारी बारसं झालं. पाळण्याची दोरी सोनलच्या नवऱ्यानं बांधली. बाळकूनं नुसता हात लावला. आत्यानं मुलीच्या कानात रेवा म्हटलं, बायकांनी पाळणा म्हटला, आणि बाळकू भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता. हरणाबाईनं त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, "हिरवी आली. तीन दिवस हिरवी आली की उघडतंय."

"तुझ्या त्या चिंचोक्याला," तो म्हणाला, "एक नारळ फोड."

रविवारी हिरवी. सोमवारी हिरवी. दोन्ही दिवस दगडावर फिकट निळी रेघ होती, दोन्ही दिवस तिनं ती घासली. विषाची खरी तपासणी जिल्ह्यात व्हायची, तिला दोन दिवस लागायचे, आणि ती फक्त तांबड्या पाण्याची करायची असा कागद होता. हिरव्या पाण्याची कुणी केली नाही.

मंगळवारी, सव्वीस तारखेला, केंद्राचं कुलूप निघालं. डॉक्टरांनी पहिल्या पाळीतली पहिली खाट बाळकूला दिली. "मावशींच्या फोटोंमुळं उघडलं, त्यांचा मान," ते म्हणाले. शेजारच्या खाटांवर नेहमीचीच मंडळी होती. भजनात पेटी वाजवणारा शंकर गुरव. शाळेतून निवृत्त झालेल्या सुलभा जंगम बाई. इरफान मुल्ला, रिक्षावाला, अवघा चौतीस वर्षांचा.

"काय बाळकूकाका, जगलाय व्हय?" इरफान म्हणाला.

"तुझं भाडं बुडवायचं ऱ्हायलंय अजून."

जंगम बाई म्हणाल्या, "शांत पडा रे दोघं. सुई हलेल."

केंद्रात पाणी गाळायची सोय होती. कोळशाचा थर, त्यापुढे बारीक पडदा. पण कोळसा कधीचा बदलायचा राहिलेला, आणि बारा दिवस कोरडा पडून पडद्याला कुठंतरी बारीक चीर गेली होती. बरंचसं गाळलं गेलं. जे सुटलं ते पुरेसं होतं.

दोन तासांनी इरफान म्हणाला, डोकं फुटतंय. मग जंगम बाईंना उलटी झाली. परिचारिकेला वाटलं, इतक्या दिवसांनी एकदम पाणी निघतंय, असं होतं. बाळकूची सूज मात्र उतरली. तो आपल्या पायांनी रिक्षापर्यंत चालत आला. घरी येऊन आडवा झाला आणि बारा दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकून झोपला. हरणाबाई त्याच्या पायाशी बसून त्याचे घोटे बघत राहिली. हाडं दिसायला लागली होती.

बुधवारी दुपारी बाळकूच्या डोळ्यांत हळद उतरली.

गुरुवारी सकाळी शंकर गुरव वारल्याची बातमी आली. केंद्राच्या ओसरीत गुरुवारची माणसं बसलेली, आत यंत्रं सुरू करायची घाई, आणि समीना काझी जिल्ह्याहून आलेली. डॉक्टरांनीच तिला बोलावलं होतं. अकरा माणसांची यकृतं एकदम कशी बसली, हे त्यांना कळत नव्हतं.

समीनानं हरणाबाईला ओसरीच्या टोकाला नेलं. "मावशी, तलाव नऊ दिवस तांबडा होता. एका दिवसात हिरवा झाला. पाऊस नाही, वारा नाही. मी फोटो दहादा बघितले. बारा नंबरचा दगड तीन दिवस लग्नातल्या पाटासारखा स्वच्छ आहे. तो दगड असा कधीच नसतो."

हरणाबाईनं काथ्यानं ओरखडलेली बोटं पदरात घेतली.

"आत सहा माणसं खाटेवर चढतायत," समीना म्हणाली. "मला पाण्याचा निकाल परवा मिळेल. तुम्हाला काही ठाऊक असेल तर मला आत्ता हवंय."

सांगितलं तर केंद्र पुन्हा बंद. बाळकूची पाळी आजचीच होती. तो रिक्षात बसून होता, पिवळा, डोकं मागं टाकून. हरणाबाईनं एकदा रिक्षाकडे बघितलं. मग कनवटीचा फोन काढला, बोटानं मागं मागं जात निळा पट्टा समोर आणला, आणि फोन समीनाच्या हातात दिला.

"मोरचूद टाकलं म्या," ती म्हणाली. "त्याचा रंग बसला दगडावर. तू बघशील म्हणून घासला."

समीना फोटोकडे बघत राहिली. मग ती धावत आत गेली, आणि तिचा आवाज बाहेरपर्यंत आला, "बंद करा. सगळी बंद करा."

ती परत आली. "मावशी, मोरचूद पाण्यात विरघळून जातं. ते दगडावर असा रंग सोडत नाही. हा रंग शेवाळाच्या पोटातला आहे. ते मरताना फुटतं आणि निळं बाहेर सांडतं. विष पण तेव्हाच सांडतं. जिवंत असताना ते बरंचसं त्याच्या पोटात बांधलेलं असतं. मेल्यावर सगळं पाण्यात मोकळं. असलं पाणी काचेसारखं दिसतं."

"म्हंजी शनिवारी ह्यो फोटो तुला दिसला असता तर..."

समीनानं फोन परत दिला नाही. पुरावा म्हणून तो लागणार होता, आणि हरणाबाईनं तो मागितलाही नाही.

बाळकूला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. शुक्रवारी तो शुद्धीवर होता. हरणाबाईनं त्याला सगळं सांगितलं, मोरचुदापासून काथ्यापर्यंत. तो छताकडे बघत ऐकत होता.

"माझ्यासाठी केलंस," तो म्हणाला.

"व्हय."

"इरफानची दोन पोरं शाळंत हायती."

"ठाव हाय."

"त्यानं सांगितलं नव्हतं तुला मोरचूद टाकायला." थोड्या वेळानं तो म्हणाला, "म्याबी न्हाई."

ती उठून गेली नाही. त्यानंही तिच्या हातातला आपला हात काढला नाही, पण तिचा हात धरलाही नाही. तिच्या बोटांवर काथ्याचे ओरखडे अजून होते. संध्याकाळी सोनलनं मुलीचा चेहरा फोनवर दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "नाक भोयाचं हाय," आणि त्यानंतर फारसं बोलला नाही.

हरणाबाईवर गुन्हा नोंदला गेला. बापू माळी साक्षीला उभा राहिला आणि गोण्या मीच दिल्या म्हणाला. हिरव्या पाण्याचीही तपासणी करावी, असा नवा कागद निघाला. चिंचोक्याच्या पुढच्या आवृत्तीत निळ्या पट्ट्याची ओळख घातली. ती ओळख यंत्राला शिकवायला हरणाबाईचा तो फोटो वापरला. अशा पट्ट्याचा जवळून काढलेला, उत्तम उजेडातला फोटो प्रयोगशाळेकडे तोवर दुसरा नव्हता.

वडजाईच्या केंद्रात मंगळवारी, सव्वीस एप्रिलला, अकरा जणांचं डायलिसिस झालं. त्यांतले चार गेले. शंकर गुरव गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला पहाटे. सुलभा जंगम बाई त्याच दिवशी संध्याकाळी. इरफान मुल्ला शुक्रवारी रात्री. आणि बाळकू धोंडी भोई शनिवारी, तीस एप्रिल दोन हजार एकोणचाळीस रोजी, सकाळी दहाच्या सुमारास वारला. नात तेव्हा अठरा दिवसांची होती.